केटलमधला पांढरा थर आणि ढोकळ्याचं लिंबूसत्त्व

सदाशिव पेठेत खडकवासल्याचं पाणी यायचं, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. शहराबाहेर राहायला आलो, बोअर आणि टँकर सुरू झाले आणि तीन महिन्यांत इलेक्ट्रिक केटलचा तळ चुना फासल्यासारखा पांढरा झाला. आई पहाटे त्यातलंच गरम पाणी पिते. एकदा तिने पेला उजेडात धरला आणि म्हणाली, "अगं, पापुद्रे तरंगतायत बघ यात."

तारेच्या घासणीने घासलं. स्टीलवर चरे पडले, थर जागचा हलला नाही. तो मळ नसतोच. जड पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट पाणी तापलं की मोडतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, म्हणजे चुनखडीच. ती घासून जात नाही, तिला आंबटच लागतं.

सगळे सांगतात म्हणून व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतला. फेस भरपूर आला, थर तसाच. व्हिनेगरमधलं आम्ल सोड्याशीच लढून संपतं, थरासाठी उरतंच काय? मग नुसतं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून. थर बराच सुटला, पण घरभर तो वास आणि पुढचे दोन दिवस आईच्या पाण्यालाही. दोन लिंबं पिळून पाहिली. तेवढ्या रसात आम्ल असून असून दोन-तीन ग्रॅम. कुकरच्या पाण्यात साल टाकून भांडं काळं पडू न देण्यापुरतं ते ठीक आहे, इतक्या जाड थराला पुरत नाही.

शेवटी ढोकळ्यासाठी आणलेली लिंबूसत्त्वाची पुडी सापडली. हेच सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात सहज मिळतं आणि त्याला वास नाही. केटलमध्ये लीटरभर पाणी गरम केलं, बटण बंद केलं, मग दोन मोठे चमचे हळूहळू सोडले. तळातून बारीक बुडबुडे निघायला लागले. ते पाहत मी तिथेच उभी राहिले, इतकं बरं वाटलं. अर्ध्या तासाने बुडबुडे थांबले, पाणी गढूळ झालं होतं. ओतून दिलं, राहिलेल्या कडांसाठी पुन्हा एक चमचा. मग दोनदा नुसतं पाणी उकळून फेकलं. चरे सोडले तर तळ नव्यासारखा. हे पाणी खळाखळा उकळत मात्र ठेवू नका. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं, त्याचाच पांढरा साका बसू शकतो.

ओतताना थोडं ओट्यावर सांडलं. आमचा ओटा कडप्प्याचा, आणि कडप्पा म्हणजेही चुनखडकच. लगेच पुसलं तरी तिथली चकाकी गेली ती गेलीच. शहाबादी फरशीचंही तसंच होईल. ग्रॅनाइटला भीती नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्यात हे पाणी मुरत ठेवू नये. आणि ब्लीचच्या आसपास तर अजिबात नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता दर पंधरा दिवसांनी एक छोटा चमचा पुरतो, थर जाड व्हायची वाट बघत नाही. सिंकच्या नळाच्या तोंडाला त्याच पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं. बंद पडलेल्या धारा पुन्हा सरळ पडायला लागल्या.