टाचेतला निळा दोरा

फ्रान्समधून सांतियागोला जाणाऱ्या यात्रेच्या वाटेवरचं लोझेर्त गाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मी वर पोचले साडेचारनंतर, हे आधीच सांगून टाकते, त्या दिवशीचा सगळा वैताग यातच आहे. उंच टेकडीच्या डोक्यावर पांढऱ्या दगडाचं गाव, कडेच्या घरांच्या भिंती तटबंदीसारख्या सलग, आणि ते समोर दिसतंय, पण वाट आधी खाली दरीत उतरते, मग गाव गायब, मग चढ, मग परत दिसतं तेवढंच लांब. वारीत वेळापूरच्या उतारावर आपण धावा करतो, पळत सुटतो ना, इथे मला धड चालताही येत नव्हतं.

दिवस कितवा ते आठवत नाही. ल पुईहून निघाले, काँक झालं, काओरचा सैतानाच्या गोष्टीचा पूल झाला, फोटो काढले, पुढे. यात्रेचा शेवट म्हणजे स्पेनमधलं सांतियागो, ते ल पुईपासून साधारण १५०० किलोमीटर, माझी रजा जेमतेम म्वासाकपर्यंत पुरणार होती. आळंदी ते पंढरपूर आत्याच्या दिंडीतून दोनदा चाललेय त्यामुळे आपल्याला जमेल असा माज होता. पण वारीत कुणीतरी कायम सोबत असतं, टाळ असतो, पाय आपोआप पडतात. इथे जीआर ६५ चे, म्हणजे या पायवाटेच्या खुणेचे, लाल-पांढरे पट्टे शोधत एकटीनेच चालायचं, फुली दिसली की चुकलो समजायचं, आणि समोरून येणारा 'बाँ शमँ', म्हणजे वाट सुखाची होवो, म्हणून निघून जातो. मी मनात ज्ञानबा-तुकाराम सुरू केलं पण डाव्या टाचेवरच्या फोडाने तो ठेका बिघडवला, एका पायाचा ताल वेगळा.

आणि चिडचिड होती ती एका माणसावर. तो रोज सकाळी बॅग व्हॅनवाल्याकडे देणार, रिकाम्या पाठीने चालणार, सगळ्यांच्या आधी झीतमध्ये पोचून खालचा बेड घेणार. झीत म्हणजे वाटेवरची यात्रेकरूंची मुक्कामाची जागा. अख्खा उतार मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. ही कसली यात्रा वगैरे. मग आठवलं की वारीत माझी वळकटी दिंडीच्या ट्रकमध्ये असायची आणि मी तंबूत पोचायच्या आत आत्याने माझी जागा धरलेली असायची. हे आठवल्यावर राग कमी व्हायला हवा होता, झाला नाही.

चढ सुरू व्हायच्या आधी एक घर होतं. दारात एक आजी खुर्ची टाकून शेंगा सोलत होत्या. मी लंगडत पुढे जात होते, त्यांनी पाहिलं आणि 'ओ ला ला, मा पोव्र' असं काहीतरी म्हणाल्या, म्हणजे बिचारी गं, एवढं फ्रेंच मला येत होतं. मनगट धरून खुर्चीत बसवलं, आत गेल्या, प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी आणि मूठभर जाडं मीठ घेऊन आल्या. बूट काढायला त्यांनी स्वतः खाली बसून हात लावला तेव्हा मी पाय मागे घेतला. ऐंशीच्या पुढची बाई माझ्या पायाशी, कसं वाटतं ते. त्यांनी पोटरीवर एक चापट मारली, लहान मुलाला मारतात तशी, आणि पाय टबात बुडवला.

वारीत अनोळखी लोकांनी तेल लावून पाय चोळून दिलेत, तेव्हा एवढं अवघडले नव्हते. तिथे सगळे एकमेकांना माउलीच म्हणतात, पाय माउलीचेच. इथे ते माझे होते, घाणेरडे, मोज्याचा वास येणारे.

मग सुई आली. लायटरवर तापवली, ओवला तो भरतकामाचा निळा दोरा, फोडाच्या एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढला आणि दोन्हीकडे थोडा ठेवून कापला. त्याने पाणी झिरपत राहतं. असला उपाय मी वारीतही पाहिला होता पण स्वतःवर करायची हिंमत झाली नव्हती. दोरा निर्जंतुक आहे का हा विचार आला, पण कुणाला आणि कुठल्या भाषेत विचारणार. निघताना हातात त्या भागातली शास्ला द्राक्षं, छोटी, पिवळसर, अति गोड. पैसे काढले तर डोळे वटारले. मी वाकून नमस्कार केला, त्यांना कळलं नसावं, त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि शेंगांकडे वळल्या.

वर लोझेर्त आहे तसं आहे. बाराव्या शतकाच्या शेवटी तुलूझच्या काउंटने वसवलेलं, कमानींचा चौक, आणि त्या चौकाच्या एका कोपऱ्यात फरशी कागदाचं टोक उचलावं तशी वर वळवलेली आहे, हा हल्लीचा उद्योग, पण छान आहे. यात्रेकरूंची सापशिडीसारखी बागही आहे म्हणे, मी गेले नाही. क्रेडेन्शियलवर, म्हणजे यात्रेकरूच्या पासबुकावर, शिक्का मारून घेतला आणि चौकातल्या बाकावर द्राक्षं खात बसले. चर्चची घंटा वाजली आणि एकदम रडू आलं, का ते माहीत नाही, फोड तर तेव्हा दुखत नव्हता.

झीतमध्ये खालचा बेड अर्थातच गेलेला. तो घोरतही होता.

म्वासाकचं प्रसिद्ध क्लॉइस्टर, म्हणजे मठातला खांबांच्या ओवऱ्यांचा चौक, दोन दिवसांनी पाहिलं, खांबांवरची कोरीव शिल्पं सन ११०० ची, गर्दी होती. मी एका कोपऱ्यात बसून मोजा काढला, तर दोरा आपसूक सुटून मोज्यात पडलेला. तो पाकिटात ठेवला.