आमची वाटचाल : उसनी वेट्स, आपला मास्क

सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि त्यातल्या गाठी यांची हद्द पिक्सेलनिशी आखून देणं, हे आमच्या छोट्या फर्मचं काम. तज्ज्ञांनी हातानं आखलेले मास्क, म्हणजे कोणता पिक्सेल कशाचा ते सांगणारे नकाशे, कायम तुटपुंजे. म्हणून मास्क काढणाऱ्या यू-नेट या न्यूरल जाळ्याला पहिल्यापासून, इमेजनेट या साध्या फोटोंच्या मोठ्या संग्रहावर आधीच शिकलेलं रेझनेट-३४ हे जाळं एन्कोडर (चित्रातली वैशिष्ट्यं टिपणारा भाग) म्हणून जोडत आलो. त्यानं शिकलेले आकडे म्हणजेच आमची उसनी वेट्स.

इमेजनेटचे फोटो तीन चॅनेलचे (लाल, हिरवा, निळा), सीटी एकाच. एक स्लाइस (शरीराचा एक छेद) तीनदा भरली तरी चालतं. आम्ही मात्र लागोपाठच्या तीन स्लाइस देतो आणि मास्क मधलीचा मागतो. एका स्लाइसमध्ये रक्तवाहिनी आणि छोटी गाठ दोन्ही गोलच दिसतात. शेजारच्या स्लाइसमध्ये वाहिनी सरकत पुढे जाते, गाठ तिथंच संपते. त्याआधी हाउन्सफील्ड आकडे (सीटीतली घनतेची मापं) -१६० ते २४० मध्ये छाटायचे. अख्खा पट्टा दिला तर हाड आणि हवा यांच्या मधे यकृत आणि गाठ यांतला फरक उरतच नाही.

सगळं जाळं एकदम शिकवू नये, हे आमचं ठाम मत. डिकोडरची, म्हणजे मास्क उभारणाऱ्या दुसऱ्या भागाची, वेट्स रँडम असतात. त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या चुका ग्रेडियंटबरोबर (वेट्स कशी बदलायची ते सांगणाऱ्या आकड्यांबरोबर) मागे जातात आणि एन्कोडरनं कमावलेलं पुसून टाकतात. म्हणून पहिले पाच-दहा इपॉक (सगळ्या डेटावरच्या फेऱ्या) एन्कोडर गोठवून डिकोडर ०.००१ लर्निंग रेटनं (वेट्स बदलण्याच्या पावलानं) शिकवतो, मग सगळं मोकळं करून एन्कोडरला ०.०००१.

इथंच एक खाच आहे. वेट्स गोठवली म्हणजे बॅच नॉर्म (जाळ्यातले आकडे एका मापात आणणारे थर) गोठलं असं नाही. त्याची चालू सरासरी बदलतच राहते. मेमरीपायी बॅच (एका वेळी दिलेला गट) दोन-चार स्लाइसची असली की ती सरासरी डळमळते. मग ट्रेनिंगचा लॉस (चुकीचं माप) छान उतरतो आणि व्हॅलिडेशनला, म्हणजे न शिकवलेल्या डेटावर तपासताना, मास्क जागोजागी विरतो. ते थर इव्हॅल मोडमध्ये ठेवले, म्हणजे सरासरी न बदलता आहे तीच वापरायला लावली, की हे थांबतं.

मास्कचा आकार बदलताना फक्त निअरेस्ट नेबर (जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा). बायलिनियर (शेजारच्या पिक्सेलची सरासरी) वापरलं की यकृताचा क्रमांक १ आणि प्लीहेचा ३ यांच्या कडेवर २ उगवतो, आणि २ म्हणजे मूत्रपिंड असेल तर नसलेलं मूत्रपिंड जाळं शिकतं! डेटाची विभागणीही रुग्णानुसार हवी, स्लाइसनुसार नको. एकाच रुग्णाच्या शेजारच्या स्लाइस ट्रेनिंग आणि तपासणी दोन्हीकडे गेल्या तर डायस स्कोअर (जाळ्याचा मास्क तज्ज्ञाच्या मास्कशी किती जुळतो त्याचं माप) फुगतो, नव्या रुग्णावर कोसळतो.

उसनी वेट्स दर वेळी कामी येतातच असंही नाही. संशोधक मैथ्रा रघू आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये वर्गीकरणाच्या कामांवर दाखवलं, की वैद्यकीय डेटा भरपूर असेल तर इमेजनेटमुळे शिकणं लवकर होतं, अचूकता फारशी वाढत नाही. म्हणून प्रत्येक नव्या कामात शून्यापासून शिकवलेलं यू-नेट आम्ही शेजारी चालवतो. दोघांचा डायस आणि हाउसडॉर्फ अंतर (दोन मास्कच्या कडा जास्तीत जास्त किती दूर आहेत) रुग्णागणिक मांडतो, आणि गाठींचा हिशेब यकृतापासून वेगळा ठेवतो. एवढ्या मोठ्या यकृताच्या डायसमध्ये निसटलेली छोटी गाठ दिसतच नाही.