गोळी सुटली का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"काकू, सुटली काय हो ती गोळी?" माप देता देता बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या बायका हमखास विचारतात. नात्यातल्यांचा सूर जरा वेगळा असतो: "डिप्रेशनची गोळी ती, सोडा की आता." सगळ्यांना एकदाच सांगते. सुटलेली नाही. साठ मिलिग्रॅमवरून वीसवर आली आहे, आणि तिथंच थांबले आहे.

मुळात ती मला मनासाठी दिलीच नव्हती. मधुमेह जुना. रात्री पायांची अशी आग की चादरीचा स्पर्श नको व्हायचा, आणि दिवसा मशीनच्या पायडलवर पाय आहे की नाही ते वाकून बघावं लागायचं. चप्पल वाटेत निसटली तरी पत्ता नाही. डॉक्टरांनी आधी बी-12 जीवनसत्त्व तपासलं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं, आणि त्यानंही नसा अशाच कुरकुरतात. ते ठीक निघालं, तेव्हा ड्युलोक्सेटिन आलं, हीच ती गोळी. हे औषध मेंदूतली सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही रसायनं वाढवतं. त्यामुळे मन सावरतं, आणि मेंदूकडून पाठीच्या कण्यात उतरणारी, वेदना दाबणारी यंत्रणाही बळकट होते. एकच कॅप्सूल, दोन कामं. माझी रात्र तिनं परत दिली, हे मी कुणाकडेही कबूल करते.

कमी करायचं ठरलं ते बीपी चढायला लागलं आणि बसल्या जागी घाम फुटायला लागला म्हणून. 'लोक काय म्हणतील' म्हणून नाही. आमच्याकडे लोक फार म्हणतात. मनोरुग्णालय धारवाडला, त्यामुळे "धारवाडला न्यायला हवं" हा इकडे चेष्टेचा शब्द झालाय. ज्यांना खरंच जायला हवं, ते त्या चेष्टेपायी घरात बसून राहतात.

औषध अचानक तुटलं की काय होतं, हे मला आधीच कळलं होतं. माझे डॉक्टर कोल्हापूरचे. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर वातावरण तापलं, गाड्यांवर दगड पडले, एसटी काही दिवस बंद राहिली. माझी तारीख हुकली आणि पाकीट संपलं. जवळच्या दुकानांत त्या ताकदीची कॅप्सूल नव्हती. या औषधाचा रक्तातला अंमल साधारण 12 तासांत निम्म्यावर येतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच सुरू झालं: डोळे बाजूला वळवले की डोक्यात करंट, मळमळ, भलतीसलती स्वप्नं, आणि काजाला दोरा नीट बसला नाही म्हणून रडू. औषध मिळाल्यावर लगेच ओसरलं. व्यसन नव्हे ते. जास्त घ्यावी अशी हाव कधी झाली नाही. शरीर सवयीचं झालं होतं, एवढंच. तेव्हापासून एक पाकीट कायम पुढचं असतं घरात. सीमाभागात राहायचं तर ते ठेवावंच.

आता खरी गुंतागुंत ऐका. गोळी कमी केली आणि पायाला मुंग्या आल्या. कशाच्या? दबलेलं नसांचं दुखणं वर आलं, की गोळी कमी झाल्याचा त्रास? मुंग्या दोन्हींत येतात. माझ्यापुरती ओळख अशी बसली. नसांचं दुखणं मोज्यासारखं दोन्ही पावलांत, रात्री जास्त, आणि रोज तेच. गोळीचं मात्र डोस उतरवल्यावर एक-दोन दिवसांत येतं, ओठांत, हातांत, डोक्यात कुठंही फिरतं, सोबत चक्कर आणतं आणि हळूहळू विरतं. मन खचणं परत येत असेल तर ते सहसा आठवड्यांनी, सावकाश येतं. वर मधुमेह्यांना आणखी एक फास आहे: चक्कर, घाम, थरथर हे साखर उतरल्याचंही लक्षण. म्हणून आधी बोट टोचून बघायचं. 70 च्या खाली असेल तर आधी साखर, मग विचार.

तारीख, डोस, साखर, दुखणं कुठं, हे सगळं मी गिऱ्हाइकांच्या मापवहीच्या मागच्या पानांवर लिहीत गेले. "बरं वाटत नाही" यावर डॉक्टरसुद्धा काय करणार? ते पान बघून मात्र त्यांनी एकदा पुढची कपात महिनाभर लांबवली.

साठवरून तीस फार जड गेलं नाही. तीसवरून वीस मात्र जड गेलं. सैल ब्लाऊजमधून इंच काढला तर अंगाला कळत नाही, मापात बसलेल्यातून अर्धा काढला की हात वर होत नाही, तसंच हे. डोस जितका खाली, तितका प्रत्येक मिलिग्रॅम मोठा. गोळी सोडतानाचा हा त्रास डॉक्टर लोकांनाही उशिरा पटला. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिअॅट्रिस्ट्स या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनं 2019 मध्ये मान्य केलं की काहींचा त्रास तीव्र असतो आणि लांबतोही. एक दिवसाआड घेण्याचा सल्ला मला तिघीचौघींनी दिला. बारा तासांचा हिशोब बघा, म्हणजे तो का नको ते कळेल: दर दुसऱ्या दिवशी डोकं करंट खाणार. कॅप्सूल फोडून चुरडूही नका. आतल्या दाण्यांवरचा लेप पोटातल्या आम्लापासून औषध वाचवतो. वीसच्या खाली कसं उतरायचं ते डॉक्टरच सांगतील. आगीसाठी मला रात्रीचं थोडं गॅबापेंटिन जोडलंय. तेही मनानं थांबवायचं नाही. आणि दुखण्यावर परस्पर ट्रॅमाडॉल आणून गिळू नका, ते ड्युलोक्सेटिनशी जमवून घेत नाही.

कमी करण्याच्या काळात घरच्यांना आधी सांगून ठेवा की चिडचिड होईल. आमच्या ह्यांनी त्या दिवसांत वाद सोडून भाकरी थापायला घेतल्या. भाकऱ्या वाईटच होत्या. मन फारच काळवंडलं, जीव नकोसा वाटला, तर गोळीचा त्रास म्हणून सोसत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे.

सध्या बीपी ताब्यात आहे, घाम थांबलाय. आग आहे, पण झोप लागते. पुढची कपात लग्नसराई उरकल्यावर, हातात घाईची शिलाई नसताना. वीसवरच राहावं लागलं तरी हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझीही नाही.