तुरीची धसकटं आणि ट्रॅक्टरचं मागचं चाक

पावसाळ्यात ट्रॅक्टर फसतो, पण पंक्चर फारसा होत नाही. पंक्चरचे दिवस म्हणजे तूर निघाल्यापासून उन्हाळवाहीपर्यंतचे. आमच्या कळमेश्वरकडे तुरी कापून झाल्या, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेवटची वेचणी आटोपली की नांगराला मागणी सुरू होते. माझा ट्रॅक्टर घरच्या वावरापेक्षा लोकांच्या वावरात जास्त चालतो. त्यामुळे कोणाच्या तुरी कशा कापल्यात, हे मला चाकावरून कळतं.

तूर विळ्याच्या तिरप्या घावानं कापतात. जमिनीवर वीतभर धसकट उरतं, उन्हानं खडखडीत वाळतं आणि त्याचं टोक भाल्यासारखं होतं. पऱ्हाटीचं बूडही काही मऊ नसतं, पण पऱ्हाट्या बहुतेक जण उपटून काढतात, आणि काढायलाच पाहिजेत. गुलाबी बोंडअळीपायी कृषी खातं आणि आपल्या नागपुरातलीच केंद्रीय कापूस संशोधन संस्था वर्षानुवर्षं सांगत आली आहे, फरदड, म्हणजे वेचणीनंतर त्याच पऱ्हाटीचं पुन्हा पीक, घेऊ नका, हंगाम संपला की वावर साफ करा. तुरीच्या बुडांकडे मात्र कोणी पाहत नाही. त्यांची आठवण होते ती माझ्यासारख्या भाड्यानं ट्रॅक्टर चालवणाऱ्याला.

पुढचं चाक पंक्चर झालं तर मी फारसा घाबरत नाही. ६.००-१६ चं लहान चाक, नट सोडले, चाक गाडीवर टाकलं, दुकानात नेलं. मागचं १३.६-२८ चं चाक म्हणजे वेगळं प्रकरण. टायरवरच्या जाड गुट्ट्यांमधून, म्हणजे रबराच्या उंचवट्यांमधून, खुंट जात नाही, पण दोन गुट्ट्यांच्या मधलं रबर पातळ असतं, नेमका तिथंच शिरतो. त्यात नांगरटीला वजन पाहिजे म्हणून ट्यूबमध्ये पाणी भरलेलं. एका चाकात शंभर लिटरच्या वर पाणी असतं, ते चाक काढून नेणार कसं? म्हणून मागच्या चाकाचं पंक्चर वावरातच काढतात.

आणि ते काढेपर्यंत ट्रॅक्टर एक पाऊल पुढं न्यायचा नाही, हे मी माझ्या ड्रायव्हर पोरालाही निक्षून सांगितलं आहे. "धुऱ्यापर्यंत तर नेऊ दे न भाऊ," असं तो म्हणतोच. पण हवा कमी झालेल्या चाकात टायर रिमवर सरकतो, ट्यूबही त्याच्याबरोबर सरकते, आणि रिमच्या भोकात अडकलेला व्हॉल्व्ह बुडापासून फाटतो. टायरची किनार ट्यूबला चावते ते वेगळंच. जे काम एका पॅचवर भागलं असतं, ते नव्या ट्यूबवर जातं. बियाण्याची, खताची जमवाजमव करायच्या दिवसांत तो खर्च झोंबतो.

काटोल रोडवरच्या पंक्चरवाल्याला आम्ही सगळे चाचा म्हणतो. फोन केला की ते गाडीच्या मागं पेट्रोलवरचं छोटं कंप्रेसर बांधून वावरात येतात. टायर उचकटायच्या दोन लांब लोखंडी टामी, घन, कानस, सोल्युशनचा डबा, पॅचची पिशवी आणि एक जुनं सुती फडकं. आल्याबरोबर चाकाकडे जात नाहीत, आधी जमीन पाहतात. आपल्या काळ्या जमिनीत जॅक वजन पडताच खाली जातो. म्हणून खाली जाड फळी. नांगर जमिनीवर टेकवलेला, बाकीच्या चाकांना दगड, मगच जॅक.

एकदा मी म्हटलं, "चाचा, व्हॉल्व्हपाशी ओलं दिसते, तिथंच असंल." ते म्हणाले, "पाणी कुठूनही निघंल भाऊ, बाहेर यायला त्याले वाट तेच एक हाय." खरं आहे. ट्यूब फुटते एका जागी, पाणी टायरच्या आतून फिरून निघतं व्हॉल्व्हच्या भोकातून. ओल पाहून छिद्र सापडत नाही.

मग व्हॉल्व्ह खाली आणून पिन काढतात आणि पाणी सोडून देतात. टायरची बाहेरची किनार टामीनं उचलून रिमबाहेर काढतात, आतली किनार जागेवरच राहू देतात. ट्यूब ओढण्याआधी चाचा खडूनं टायरवर व्हॉल्व्हच्या समोर एक रेघ मारतात. ही रेघ मला फार महत्त्वाची वाटते. ट्यूब फुगवल्यावर छिद्र व्हॉल्व्हपासून किती हातांवर आणि कोणत्या बाजूला आहे ते दिसतं, तेवढंच अंतर टायरवर मोजलं की खुंट कुठं बसलाय ते समजतं. एवढ्या मोठ्या ट्यूबला बुडवायला वावरात टाकं नसतं. मग साबणाचं पाणी फिरवायचं. बारीक छिद्र असेल तर चाचा ट्यूब गालाजवळ नेतात, हवेची झुळूक गालाला आधी कळते.

यानंतरचं काम पाहण्यासारखं असतं. चाचा टायरमध्ये हात घालतात, पण बोटं फिरवत नाहीत, सुती फडकं फिरवतात. खुंटाचं टोक आत कधी कधी तांदळाच्या दाण्याएवढंही नसतं. बोटाला ते लागलं तर बोट फाटतं, आणि नाही लागलं तर तसंच राहून जातं. फडक्याचा धागा मात्र अडकतोच. धागा अडकला की ते थांबतात, बाहेरून त्या जागी अंगठा दाबतात, आतलं टोक वर येतं, आणि पक्कडीनं खुंट आतल्या बाजूनं ओढून काढतात. तुरीचा तुकडा काळपट, बोटाच्या पेराएवढा निघतो. तो हातावर ठेवून दाखवतात आणि फडकं पुन्हा पूर्ण चाकभर फिरवतात, कारण बाभळीचा काटाही सोबत बसलेला असू शकतो. "काटा भेटल्याशिवाय ट्यूब आत नाही जाणार," हे त्यांचं ठरलेलं. संध्याकाळ होवो, गिऱ्हाईक ओरडो. एका वेगळ्या दुकानात मी घाईघाईत नुसता पॅच लावून दिलेला पाहिला आहे, दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा छिद्र.

पॅचबद्दल थोडं सांगतो. छिद्राभोवतीचा भाग कानशीनं खरवडून चमक पूर्ण घालवायची, रबराचा भुसा पुसायचा, मग सोल्युशनचा पातळ थर. तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं. ओल्या सोल्युशनवर पॅच ठेवला की आतल्या द्रवाला उडून जायला वाट राहत नाही, खाली फुगा धरतो. छिद्र मोठं असेल, चिरलं असेल, तर थंड पॅचवर भागत नाही. कच्च्या रबराचा तुकडा ठेवून शिकंजा आवळायचा आणि गरम करायचं. गंधक घातलेलं रबर उष्णतेनं पक्कं होतं. चार्ल्स गुडइयरला हे १८३९ मध्ये सापडलं, १८४४ मध्ये त्यानं पेटंट घेतलं, आणि काटोल रोडवर आज तेच चाललं आहे. टायरलाच भोक पडलं असेल तर आतून गेटर, म्हणजे कॅनव्हासचा तुकडा, चिकटवायचा, नाहीतर भोकाच्या कडा ट्यूबला घासत राहतात.

मौद्याकडचा माझा मामेभाऊ धानाच्या चिखलणीला लोखंडी चाकं लावतो. तो म्हणतो, तुम्हीही लोखंडीच लावा. पण लोखंडी चाकावर डांबरी रस्त्यानं पाच वावरं फिरता येत नाहीत. १९३२ साली अमेरिकेत अॅलिस-चाल्मर्सनं हवेचे टायर लावलेला ट्रॅक्टर विकायला काढला, तेव्हापासून शेताबरोबर रस्ताही ट्रॅक्टरचा झाला. भाड्याचा धंदा त्यावरच उभा आहे.

ट्यूब परत घालताना टायरमध्ये पावडर मारतात, ट्यूबमध्ये थोडी हवा ठेवतात म्हणजे घडी पडत नाही, आणि टामी खोल खुपसत नाहीत. किनार रिमवर बसवताना ३५ पौंडांच्या वर हवा कधीच भरायची नाही. नाही बसली तर हवा सोडा, साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. भरताना चाकासमोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. टायर फुटून माणसं मेलेली आहेत, त्यामुळे इथं मी कोणाचीही घाई ऐकत नाही. मग हवा सोडून, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून पाणी पुन्हा भरायचं, आणि शेवटी हवा १२ ते १५ पौंडांवर आणायची.

आता तुरीचं वावर घेताना मी तीन गोष्टी आधीच बोलून घेतो. तूर जमिनीला टेकवून कापलेली पाहिजे. पहिली नांगरट तासातासानं होईल, चाक दोन ओळींच्या मधून चालेल, आडवी नांगरट नंतर. आणि एवढं करून पंक्चर झालंच, तर चाचांचे पैसे निम्मे तुमचे, निम्मे माझे. सुरुवातीला लोकांना हे खटकलं, एकदोघांनी दुसरा ट्रॅक्टर बोलावला. यंदा गावातल्या बऱ्याच जणांनी मजुरांना सांगून तुरी बुडातून कापून घेतल्या आहेत.