जुनी एमएक्स-५ घेऊन स्टेल्व्हिओ चढणाऱ्यांसाठी

इटलीतल्या आल्प्समधल्या स्टेल्व्हिओ खिंडीला प्राटो गावाकडून ४८ वळणं आहेत, एवढंच सगळे सांगतात. वाटेतलं ट्राफोई गाव सुटल्यावर पुढे सायकलस्वार आणि कॅम्परव्हॅनची रांग लागते, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, समोरून वारा मिळत नाही आणि सगळा भार रेडिएटरच्या पंख्यावर येतो, हे कुणी सांगत नाही. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ इथेच तापते. आमचीही तापली. खालच्या गॅरेजने बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटांत ‘हेड गॅस्केट’ (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) म्हणून चौदाशे युरो सांगितले. गेला होता पंख्याचा रिले, म्हणजे पंख्याला वीज पोचवणारा छोटा स्विच.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. मधल्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात तापमान बदललं तरी तो जागचा हलत नाही; हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. आकडा दाखवणारा वेगळा मीटर बसवूनच निघा.

गाडी केव्हा तापते ते आधी बघा. रांगताना तापते आणि वेग घेतल्यावर निवते, म्हणजे पंखा. बॉनेटखालची ‘डायग्नोसिस’ लिहिलेली काळी डबी उघडा, इग्निशन चालू करा, इंजिन बंदच ठेवा आणि तिच्यातली टीएफए (TFA) व जीएनडी (GND) ही टोकं वायरच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला तर थर्मोस्टॅटजवळचा (तापलेलं पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेजवळचा) स्विच किंवा त्याची वायर तपासा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर, याच क्रमाने.

उलट हायवेवर तापत असेल तर वाकून पुढच्या पोटाखालचं प्लास्टिकचं कवच जागेवर आहे का बघा. ते नसलं की वारा रेडिएटरमधून न जाता खालून निसटतो. कवच असेल तर बहुधा रेडिएटर तुंबलेला. त्याची वरची काळी टाकी तपकिरी पडली असेल तर ती फुटायला आली आहे, घाटाआधीच बदला.

गॅस्केटचा संशय कधी घ्यायचा? थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरचे रबरी होज दगडासारखे कडक होतात, गळती नसताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होतं, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबत नाहीत, तेव्हा. तरीही निळ्या द्रावाची चाचणी करायला सांगा. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर तो द्राव पिवळा पडतो. त्याआधी एक युरोही देऊ नका.

रेडिएटरचं झाकण नवं घ्या. खिंड २७५७ मीटरवर आहे, तिथे उघडं पाणी साधारण ९१ अंशांना उकळतं आणि या गाडीचा थर्मोस्टॅटच ८८च्या आसपास उघडतो. झाकणाचं रबर गेलं, उकळणं लांबवणारा दाब धरला नाही, की कूलंट उतू जाणारच.

वाटेत तापलीच तर एसी बंद, हीटर आणि त्याचा ब्लोअर पूर्ण चालू, आणि पहिल्या मोकळ्या जागेत थांबा. इंजिन पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

डिकीत जादा रिले, फ्यूज, वायर, होज क्लॅम्प आणि २ लिटर डिस्टिल्ड पाणी ठेवा. खिंडीपलीकडच्या बोर्मिओनंतरचा प्रवास निवांत. पण रविवारी दुपारी प्राटोकडून चढू नका, सकाळी सातच्या आत ट्राफोई सोडा.