आडनावाचा रकाना

एसडीएम कोर्टाच्या व्हरांड्यात मुन्शीने माझ्या हातात यादी ठेवली. अकरा नावं, सगळ्यांत धाकटा एकोणीस वर्षांचा. आडनावाच्या रकान्यात अकराही वेळा एकाच हस्ताक्षरात एकच शब्द होता: कंजर. आडनाव नव्हे, जमातीचं नाव.

हे काम मला नको होतं, हे आधीच सांगते. चार दिवसांपूर्वी ग्वाल्हेरच्या दौलतगंजात एका मराठी दुकानदाराला उधारीच्या भांडणात भोसकलं होतं. जानवी, कुंकू, गोडा मसाला, गणपतीची वस्त्रं, शहराच्या लष्कर भागातल्या निम्म्या मराठी घरांचं सामान त्यांच्याकडून येतं. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. भोसकणारा त्याच रात्री चाकूसकट सापडला. त्याचं वकीलपत्र मी घेतलं नाही, घेणारही नव्हते. पण यादी माझ्या हातात आली त्याच्या आदल्या दिवशी पहाटे पोलिसांनी त्याच्या वस्तीतले आणखी अकरा जण घरातून उचलले. कारण लिहिलं होतं शांतताभंगाची शक्यता. कलम आता नागरिक सुरक्षा संहितेचं १७० झालंय, आमच्याकडे अजून सगळे ‘एक सौ इक्यावन’च म्हणतात.

वस्तीतली एक म्हातारी सकाळीच माझ्या टेबलाशी येऊन बसली होती. दुधाच्या पिशवीत अकरा आधार कार्डं, रबर लावून. “वकील साहब, लड़का हमारा ही है, ना नहीं कहते. पर ये ग्यारह तो सो रहे थे.”

काकांचा मुलगाही तिथे आला होता. मनगटाला अजून हॉस्पिटलचा पास बांधलेला, डोळे तारवटलेले. तो आवाज चढवून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. तो हळू, घरच्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, “ताई, तुम्ही यांच्या बाजूने? अहो, यांच्यात संस्कारच तसे असतात. जातच ती.”

मी काही बोलले नाही. वडील आयसीयूत असलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो. पण माझ्या पोटात गोळा आला, तो या वाक्याचा.

माझ्या आजीचं माहेर गोडसे. त्या गोडशांशी ना नातं, ना ओळख. सातारा जिल्ह्यातलं एक खेडं, थोडी जमीन, भाऊ शाळामास्तर. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दोन-तीन दिवसांत मास्तरांचं घर पेटलं, धान्याच्या कणग्यांसकट. त्या आठवड्यात सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची किती घरं जळाली! कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओसुद्धा गेला. मास्तर दोन पोरांना घेऊन बहिणीकडे ग्वाल्हेरला आले. इथे तरी सुटका कुठली? नथुरामने पिस्तूल याच शहरातून मिळवलं होतं. त्याच कटातले एक आरोपी डॉक्टर परचुरे, त्यांना इथूनच अटक झाली होती. लष्करात मराठी बोलणारा माणूस दिसला की लोक वळून बघत. आजी पुढे पन्नास वर्षं जगली. मंगळागौरीला, हळदीकुंकवाला कुणी माहेरचं नाव विचारलं की ती गावाचं नाव सांगायची. आडनाव तिने कधी उच्चारलं नाही.

गांधीहत्येच्या याच प्रकरणाचा दुसरा भाग, म्हणजे खटला, मला वकील म्हणून जास्त महत्त्वाचा वाटतो. लाल किल्ल्यात आठ आरोपी उभे होते. १० फेब्रुवारी १९४९ ला दोघांना फाशी, पाच जणांना जन्मठेप, सावरकर निर्दोष. मग सिमल्यात अपील झालं, त्यात परचुरे आणि शंकर किस्तय्या सुटले. देश संतापाने धुमसत होता, तरी न्यायाधीशांनी एकेकाला वेगळं उभं करून विचारलं की तू काय केलंस. कट कुणी केला, पिस्तूल कुणी दिलं, डोक्यात विष कुणी भरलं, तिथपर्यंत जाब विचारलाच पाहिजे. तो विचारला म्हणून गांधीहत्येला कुणी ‘एका माथेफिरूचं काम’ म्हणून झटकू शकत नाही. पण मास्तरांच्या ज्वारीपर्यंत तो जाब कुठल्या वाटेने पोचतो, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आणि कंजरांच्या बाबतीत तर हा अन्याय कायद्यानेच केला होता. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवायची सोय केली. हजेरी, पास, नोंदवही. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला. वहीतून नाव गेलं, ठाण्याच्या डोक्यातून गेलं नाही. वस्तीत हातभट्टी लागते, चोरीचे गुन्हेही आहेत, हे मी नाकारत नाही. ज्याने केलं त्याच्यावर गुन्हा नोंदवा.

दुपारी कोर्टात मी एवढंच विचारलं: कलमाला दखलपात्र गुन्ह्याचा बेत लागतो. या अकरांपैकी कुणाचा बेत होता, कसला, आणि तो पोलिसांना कधी कळला? शिवाय उचलल्याला चोवीस तास उलटून गेलेत. अंमलदाराने फाईल चाळली. यादीशिवाय तिच्यात काही नव्हतं.

पाचच्या सुमाराला अकराही जण मुचलक्यावर सुटले. अंगठे घ्यायला सुरुवात झाली. त्या व्हरांड्यात खिडकीखालची भिंत कमरेएवढ्या उंचीपर्यंत जांभळी झाली आहे. किती वर्षांचे अंगठे तिथे पुसलेत कोण जाणे. धाकटा मात्र सही करणारा निघाला. आयटीआयला जातो. मुन्शीने आडनाव विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, खाली बापका नाम लिख दूँ? चलेगा?”

“चलेगा,” मी म्हणाले. माझा आवाज नीट फुटला नाही.

काका वाचले. महिन्याने घरी आले, आता संध्याकाळी तासभर गल्ल्यावर बसतात. परवा मी मसाला घ्यायला गेले तर मुलगा एकटाच होता. त्याने पुडी बांधली आणि सुटे पैसे माझ्या हातात न देता काचेवर ठेवले. मी ते उचलले, काकांची तब्येत विचारली. “बरी आहे,” म्हणाला. ताई म्हणाला नाही.