तुम्ही विचारलंत म्हणून: ती मासामुने सापडेल का?

मी जपानी शिकवते. वर्गात तलवारींचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, "ती हरवलेली होंजो मासामुने तलवार कधी सापडेल का हो?" तास संपत आलेला असतो, उत्तर अर्धंच राहतं. आज नीट सांगते.

मासामुने हा जपानच्या कामाकुरा काळातला (तेराव्या-चौदाव्या शतकातला), सागामी प्रांतातला तलवारी घडवणारा; त्याच्या तलवारींनाही त्याच्याच नावाने ओळखतात. पोलादाला पाणी देण्याआधी पात्यावर मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड. धार कडक होते, पाठ चिवट राहते आणि दोहोंच्या मध्ये एक रेषा उमटते, तिला हामोन म्हणतात. मासामुनेच्या हामोनमध्ये चमकते कण विखुरलेले दिसतात. तसे कण इतक्या जिवंतपणे फार थोड्यांना साधले.

होंजो हे नाव लढाईतलं. उएसुगी या सरंजामी घराण्याचा सरदार होंजो शिगेनागा याच्यावर उमानोसुके नावाच्या योद्ध्याने या तलवारीने वार केला, शिरस्त्राण दुभंगलं, पण शिगेनागा वाचला आणि तलवार त्याने जिंकून घेतली, असं सांगतात. पुढे ती तोयोतोमी घराण्याकडे, तिथून कालांतराने तोकुगावा या शोगुनांच्या घराण्याकडे गेली. 1939 साली ती राष्ट्रीय ठेवा ठरली.

मग दुसऱ्या महायुद्धात जपानचा पराभव झाला आणि शस्त्रं जमा करण्याचा अमेरिकी हुकूम निघाला. डिसेंबर 1945 मध्ये तोकुगावा घराण्याचे प्रमुख इएमासा यांनी आपल्या 14 तलवारी, त्यांत हीसुद्धा, टोकियोतल्या मेजिरो पोलीस ठाण्यात नेऊन दिल्या. लपवल्या नाहीत. इथे आलं की मला दर वेळी गलबलून येतं. जानेवारी 1946 मध्ये पोलिसांनी त्या एका अमेरिकी सार्जंटच्या हवाली केल्या. नोंदीत नाव आहे 'कोल्डी बायमोर'. या नावाचा सैनिक अमेरिकी कागदपत्रांत सापडत नाही.

जपानीत 'ल' आणि 'र' वेगळे नाहीत, 'व्ह'चा 'ब' होतो. परकं नाव काताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, उतरवताना ते किती बदलतं, हे मी रोज फळ्यावर पाहते. माझ्या मते तलवारीचा माग इथेच तुटला, त्या ऐकीव नावापाशी.

तरी माझं उत्तर 'सापडू शकेल' असंच आहे. युद्धानंतर अशीच गेलेली, कुनिमुने या जुन्या कारागिराची तलवार वॉल्टर कॉम्प्टन या अमेरिकी संग्राहकाच्या हाती लागली आणि त्यांनी ती 1963 मध्ये कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानाला परत केली. होंजोवर कारागिराची सही नाही. पण तिच्या हामोनचं जुनं रेखाटन आहे. कोणाच्या तरी घरात ते पातं असेल, तर ते त्या रेषेवरून ओळखता येईल.